मंगोलांच्या लष्करी यशाची कारणमीमांसा

चंगीझखान १२२७ साली मरण पावला, त्या वेळी त्याच्या वारसांच्या वाट्याला किती सैन्य आले याचा तपशील इराणातील इतिहासकार रशीदुद्दीन याने नोंदवून ठेवला आहे. त्याची बेरीज १,२९,००० इतकी होते. मंगोलियाच्या पठारावरील सर्व जमातींची मिळून लोकसंख्याच मुळी दहा लाखांच्या आत असावी, असा सर्वसाधारण अंदाज आहे. याउलट, ज्या जिन साम्राज्याशी मंगोलांनी १२११ मध्ये युद्ध आरंभिले, त्या उत्तर चीनमधील साम्राज्याची प्रजा चार कोटींहून अधिक होती. त्याच्या दक्षिणेस असलेले सुंग साम्राज्य तर याहूनही दाट वस्तीचे आणि संपन्न होते. असे असूनही १२०६ ते १२७९ या त्र्याहत्तर वर्षांच्या अवधीत या अल्पसंख्य पशुपालकांनी कोरियाच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंतचा मुलूख आपल्या सत्तेखाली आणला. हे कसे घडले, हा प्रश्न त्या काळापासून विचारला जात आहे.

समकालीनांनी त्याची दोन सोपी उत्तरे दिली. मंगोलांची संख्या अगणित आहे, हे एक. आणि पापांचे शासन म्हणून ईश्वरानेच त्यांना धाडले आहे, हे दुसरे. यांपैकी पहिल्या समजुतीचे श्रेय बऱ्याच अंशी मंगोलांकडेच जाते. एकेका स्वाराबरोबर तीन ते पाच घोडे असल्यामुळे दुरून पाहणाऱ्यास दहा हजारांचे दल चाळीस हजारांचे भासे. १२०४ मध्ये नैमान जमातीवर चालून जाताना प्रत्येक स्वाराने रात्री पाच-पाच शेकोट्या पेटवाव्यात, अशी आज्ञा देण्यात आली होती. पुढे मोकळ्या घोड्यांवर गवताचे पुतळे बसवून सैन्य मोठे भासविण्याची युक्तीही योजिली गेली. शत्रूने पराभवानंतर आपल्या समाधानासाठी जी कारणे शोधली, त्यांतील एक मंगोलांनी त्याच्या हाती आधीच देऊन ठेवले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

कुरण, घोडा आणि धनुष्य

मंगोल घोडा बांध्याने ठेंगणा, मानेने आखूड आणि दिसण्यास सामान्य. परंतु त्याच्या ठायी एक गुण असा होता की जो धान्यावर पोसलेल्या कोणत्याही उमद्या घोड्यात नव्हता. तो स्वतःचे पोट स्वतः भरीत असे. हिवाळ्यात खुराने बर्फ उकरून खालचे वाळलेले गवत तो खाई. त्यामुळे मंगोल सैन्यामागे वैरणीच्या गाड्यांची रांग चालत नसे, आणि ज्या ऋतूत इतर सैन्ये छावणीत दडून बसत त्याच ऋतूत हे सैन्य बाहेर पडे. १२३७ च्या डिसेंबरात रियाझान आणि १२३८ च्या फेब्रुवारीत व्लादिमीर ही रशियन नगरे पडली, ती याच कारणाने. दलदलीचा आणि नद्यांचा तो प्रदेश उन्हाळ्यात घोडदळास दुर्गम. परंतु थंडीत नद्या गोठल्या की त्याच राजमार्ग होत. नोवगोरोद मात्र वाचले. मंगोल तेथे पोहोचण्याच्या बेतात असताना बर्फ वितळण्याचे दिवस जवळ आले आणि ते मागे वळले.

स्वार दमलेला घोडा सोडून दुसऱ्यावर बसे, तो दमल्यावर तिसऱ्यावर. घोडीचे दूध हे त्याचे अन्न होते. वाळवलेल्या दुधाचे सत्त्व पखालीत पाणी घालून दिवसभर हिंदकळत ठेवले की त्याची शिदोरी तयार होई, असे मार्को पोलोने लिहून ठेवले आहे. मूल चालू लागते न लागते तोच त्याला घोड्यावर बसविण्यात येई. त्यामुळे मंगोलांत सैनिक आणि सामान्य पुरुष असा भेदच नव्हता. शेतकरी समाजात हजार सैनिक उभे करायचे तर हजार नांगर सोडवावे लागतात. येथे पुरुष मोहिमेवर गेले तरी स्त्रिया, मुले आणि वृद्ध कळप सांभाळीत. शिवाय मोहीम लांबली की ते बिऱ्हाडही मागोमाग येई.

त्यांचे धनुष्य लाकूड, शिंग आणि स्नायूंचे तंतू सरसाने एकत्र जोडून केलेले असे. ते आखूड असल्याने घोड्यावरून कोणत्याही दिशेला, अगदी मागे वळूनही, वापरता येई. त्याच्या पल्ल्याची एक साक्ष दगडावर कोरलेली आहे. चंगीझखानाचा पुतण्या येसुंगे याने ३३५ वाव अंतरावर बाण मारला, असे सांगणारा शिलालेख आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. हे अंतर पाचशे मीटरांहून अधिक भरते. अर्थात तो पराक्रम अपवादात्मक होता म्हणूनच तो दगडावर कोरला गेला; लढाईतील नेमका पल्ला याहून पुष्कळच कमी असला पाहिजे.

युद्धाचे शिक्षण त्यांना शिकारीतून मिळे. हिवाळ्याच्या प्रारंभी हजारो स्वार विस्तीर्ण प्रदेशास वेढा घालीत आणि तो वेढा महिना-दोन महिने, कधी तीन महिनेही, हळूहळू आवळीत नेत. या काळात सावजाला मारावयाचे नसे, आणि रिंगणातून निसटूही द्यावयाचे नसे. ज्याच्या बाजूने प्राणी सुटे त्या तुकडीच्या नायकास शिक्षा होई. अखेरीस खान प्रथम रिंगणात उतरे, नंतर सरदार, शेवटी सामान्य स्वार. इराणी इतिहासकार जुवैनी याने या शिकारीचे सविस्तर वर्णन केले असून ती युद्धाचीच तालीम होती, असे त्याला स्पष्टपणे जाणवले होते. दृष्टीआड असलेल्या शेजारच्या तुकडीशी मेळ राखणे, दिवसेंदिवस ओळ मोडू न देणे आणि हात शिवशिवत असतानाही बाण न सोडणे, हे त्या तालमीचे विषय होते.

येथपर्यंत वाचल्यावर मंगोलांच्या यशाचे रहस्य सापडले असे वाटण्याचा संभव आहे. परंतु यांपैकी एकही गोष्ट नवी नव्हती. शिओंग्नू, हूण, तुर्क या सर्वांपाशी असाच घोडा, असेच धनुष्य आणि अशीच शिकार होती. चंगीझखानाच्या जन्मापूर्वी शतकानुशतके मंगोलांपाशीही ती होती; आणि तरीही ते एकमेकांची जनावरे व स्त्रिया पळविण्यापलीकडे फारसे काही करू शकले नव्हते. हवामानाची अनुकूलता हे एक कारण अलीकडे पुढे आले आहे. मध्य मंगोलियातील जुन्या वृक्षांच्या वर्षवलयांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून १२११ ते १२२५ ही पंधरा वर्षे तेथे सलग ओलाव्याची गेली, असे दिसते. ओलावा म्हणजे गवत आणि गवत म्हणजे घोडे, हे खरेच. तथापि सर्व जमाती एका झेंड्याखाली आल्या त्या १२०६ मध्ये, म्हणजे हा सुकाळ सुरू होण्यापूर्वीच. चांगल्या पावसाने चाललेल्या चक्राला गती दिली असेल. चक्र त्याने जोडले नाही.

टोळीचे सैन्य

कुरणांवरील युद्धाचा जुना दोष असा होता, की विजय मिळू लागताच सैन्य नाहीसे होई. शत्रूची फळी मोडली की प्रत्येक जण त्याच्या तंबूंकडे आणि कळपांकडे धावे. ज्याने जे हस्तगत केले ते त्याचे. पळणारा शत्रू त्या गोंधळात निसटे आणि वर्षभराने पुन्हा उभा ठाके. टोळीचा नायक हा समानांतील पहिला असे. लूट थांबविण्याची सत्ता त्याला नव्हती आणि ती असावी असे कोणास वाटतही नव्हते.

१२०२ साली तातारांवरील मोहिमेपूर्वी तेमुजिनाने, म्हणजे पुढच्या चंगीझखानाने, दोन आज्ञा दिल्या. शत्रू पुरता पराभूत होईपर्यंत कोणीही लुटीला हात लावू नये. लूट सर्वांची आहे आणि ती मागाहून वाटली जाईल. आणि पिछेहाट करावी लागली तर पुन्हा मूळ जागी परतावे. जो परतणार नाही त्याचा शिरच्छेद होईल. या आज्ञा आज साध्या वाटतात. त्या काळी मात्र त्यांनी पिढ्यान् पिढ्यांचा हक्क हिरावून घेतला. तेमुजिनाच्या तीन थोर नातलगांनी, अल्तान, खुचार आणि सख्खा चुलता दारिताई यांनी, पहिली आज्ञा धुडकावली. तेमुजिनाने माणसे पाठवून त्यांची सर्व लूट परत आणविली. अल्तान आणि खुचार रुसून शत्रूस जाऊन मिळाले. मंगोलांच्या स्वतःच्या इतिहासग्रंथात हा प्रसंग आला आहे. पुढे झालेल्या कोणत्याही मोठ्या लढाईपेक्षा तो अधिक अर्थपूर्ण मानावा लागेल. रक्ताच्या नात्यापेक्षा आज्ञा मोठी, हे त्या दिवशी प्रथमच ठरले.

१२०६ मध्ये ओनोन नदीच्या उगमापाशी भरलेल्या सभेत तेमुजिनास चंगीझखान ही पदवी देण्यात आली आणि तेथेच सर्व जनतेची नव्याने मांडणी झाली. दहा स्वारांची एक तुकडी, अशा दहांचे शतक, दहा शतकांचे सहस्र, आणि पुढे दहा सहस्रांचे तुमेन. दशमान रचनाही गवताळ प्रदेशात अपरिचित नव्हती. नवे होते ते तिच्यात माणसे भरण्याचे धोरण. तातार, केराइत, नैमान अशा पराभूत जमातींचे लोक निरनिराळ्या सहस्रांत विखरून टाकण्यात आले. सुरुवातीपासून निष्ठावंत राहिलेल्या काही जमातींची सहस्रे तेवढी त्यांच्याच नायकांकडे राहिली. एक तुकडी सोडून दुसरीत जाण्याची कोणास मुभा नव्हती. गेल्यास देहान्त शासन होते. सहस्र ही केवळ लष्करी संख्या नव्हती. तेवढी बिऱ्हाडे, त्यांचे कळप, त्यांची कुरणे, त्यांचा कर, सर्व काही त्या एककात मोजले जाई. काल जो माणूस 'मी केराइत' म्हणून आपली ओळख सांगे, त्याला आज आपल्या सहस्राच्या नायकाचे नाव सांगावे लागू लागले.

पहिल्या पंचाण्णव सहस्रनायकांची नावे त्या ग्रंथात दिलेली आहेत. त्यांत खानाचे भाऊबंद फारसे नाहीत. जेबे हा शत्रुपक्षाचा धनुर्धर होता. लढाईत आपल्याच बाणाने अपाय झाला हे त्याने पकडले गेल्यावर न लपविता कबूल केले, आणि त्या सचोटीवर खूश होऊन तेमुजिनाने त्याला पदरी घेतले. मुखालीचे घराणे वंशपरंपरेने चाकरीत असलेले. पुढे चीनमधील सर्व युद्धाची सूत्रे त्याच्याकडे सोपविण्यात आली. सुबुताई हा लोहाराच्या घरचा मुलगा. त्याने कोरियाच्या सरहद्दीजवळच्या प्रदेशापासून हंगेरीपर्यंत मोहिमा केल्या आणि त्या शतकातील सर्वांत कुशल सेनानी म्हणून त्याची गणना होते. वंशावरून सेनापती नेमणाऱ्या युरोपातील वा मध्य आशियातील कोणत्याही राज्यात या तिघांपैकी एकास तरी शंभर स्वारांचे आधिपत्य मिळाले असते की नाही, याची शंकाच आहे.

या रचनेचा कळस म्हणजे दहा हजारांचे खासे पथक. त्यात दशनायकांपासून सहस्रनायकांपर्यंत प्रत्येकाचा मुलगा आपापल्या सोबत्यांसह भरती केला जाई. बाप सरहद्दीवर सैन्य घेऊन गेलेला, तर मुलगा खानाच्या तंबूभोवती पहाऱ्यावर. तो एका अर्थी ओलीस असे. दुसऱ्या अर्थी विद्यार्थी. पुढचे सेनानी आणि प्रांताधिकारी याच पथकातून निवडले गेले. लाख स्वारांचा सेनापती शेकडो कोस दूर असला आणि त्याच्या हातून अपराध घडला, तरी खानाने धाडलेला एकच स्वार त्याला शिक्षा देऊन येई आणि तो ती निमूटपणे भोगी, असे जुवैनी सांगतो. ज्या राज्याची सेवा केली त्याची थोडी स्तुती त्याच्या लेखणीतून होणारच. परंतु खानाच्या हयातीत मोठ्या सेनानीचे एकही बंड झाले नाही, ही गोष्ट त्याच्या म्हणण्यास पुष्टी देते.

रणांगण

खोटी माघार ही मंगोलांची सर्वांत प्रसिद्ध युक्ती. शत्रूस हुलकावणी देत मागे पळावयाचे, त्याची फळी पाठलागात लांबत आणि विस्कळीत होत गेली की ठरलेल्या जागी अचानक उलटावयाचे. सांगण्यास ही गोष्ट सोपी असली, तरी करण्यास ती युद्धकलेतील सर्वांत धोक्याची आहे. पळण्याचे सोंग करणारे सैन्य खरोखरीच पळू लागावयास एका क्षणाची भीती पुरते. १२२३ मध्ये जेबे आणि सुबुताई यांनी रशियन राजे आणि किपचाक यांच्या संयुक्त सैन्यापुढे नऊ दिवस माघार घेतली. दहाव्या दिवसाच्या सुमारास, कालका नदीच्या काठी, ते उलटले. गालिचच्या राजाने कीव्हच्या राजास न कळविताच नदी ओलांडून हल्ला चढविला होता; त्याची धूळधाण उडाली तेव्हा कीव्हचा राजा टेकडीवरील आपल्या छावणीत स्वस्थ होता. दोन्ही बाजूंकडे शौर्य होते. नऊ दिवस पाठ दाखवूनही न फुटणारी शिस्त एकाच बाजूला होती, आणि ती १२०२ च्या त्या दुसऱ्या आज्ञेतून आलेली होती.

याच शिस्तीमुळे सैन्य विभागून दूरदूरच्या मार्गांनी पुढे नेणे आणि नेमक्या वेळी एकत्र आणणे शक्य झाले. १२४१ च्या ९ एप्रिलला पोलंडमध्ये पाठविलेल्या दलाने लेग्निट्सा येथे सायलेशियाचा अधिपती दुसरा हेन्री यास ठार केले. दोनच दिवसांनी, तेथून सुमारे पाचशे किलोमीटर अंतरावर मोही येथे, बातू आणि सुबुताई यांनी हंगेरीचा राजा चौथा बेला याचे सैन्य गारद केले. पोलंडमधून बेलाला साहाय्य मिळू नये, हाच पहिल्या दलाचा हेतू होता. मोहीच्या लढाईत शायो नदीवरील पूल दगडफेकी यंत्रांच्या माऱ्याने मोकळा करण्यात आला, आणि तेथे झुंज चालू असताना सुबुताईने प्रवाहाच्या खालच्या बाजूस नदी ओलांडून हंगेरियन छावणीस वळसा घातला. छावणी वेढली गेल्यावर मंगोलांनी एका बाजूला वाट मुद्दाम मोकळी ठेवली. कोंडलेला शत्रू प्राणपणाने लढतो. वाट दिसली की तो पळू लागतो. हंगेरियन त्या वाटेने पळाले आणि रस्त्याच्या दुतर्फा दौडणाऱ्या स्वारांनी त्यांना एकेकटे गाठून मारले. शिकारीचे रिंगणच ते. फक्त त्याला दार ठेवले होते.

प्रतिपक्षातील फूट ही मंगोलांची आणखी एक मित्र. ख्वारिज्मचे उदाहरण बोलके आहे. १२१८ साली ओत्रार येथील अधिकाऱ्याने मंगोलांनी पाठविलेल्या सुमारे साडेचारशे व्यापाऱ्यांचा तांडा हेर ठरवून कापून काढला. या आरोपात मुळीच तथ्य नव्हते असे नाही, कारण व्यापारी हेच खानाचे कान होते. ख्वारिज्मचा शहा मुहम्मद याच्यापाशी मोठे सैन्य होते. पण त्यातील तुर्क सरदार त्याच्या आईच्या, तुर्कान खातूनच्या, नात्यागोत्याचे, आणि माय-लेकांत उघड वितुष्ट. एकत्र आलेले सैन्य आपल्यावरच उलटेल या भीतीने शहाने ते शहराशहरांतून वाटून ठेवले. मंगोलांनी ती शहरे एकामागून एक घेतली. खुद्द चंगीझखान किझिलकुमचे वाळवंट वाटाड्यांच्या साह्याने ओलांडून १२२० च्या आरंभी बुखाऱ्यापुढे उभा राहिला, ज्या दिशेने कोणी येईल असे शहाच्या स्वप्नातही नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस शहा कास्पियन समुद्रातील एका बेटावर निराधार स्थितीत मरण पावला.

तटापुढील धडे

घोडेस्वार तटावर चढू शकत नाही. भटक्या जमातींची बहुतेक आक्रमणे इतिहासात याच ठिकाणी अडली आहेत. मंगोलही प्रारंभी अडले, आणि काहीसे हास्यास्पद रीतीने. १२०९ मध्ये पश्चिम शिया राज्याच्या राजधानीस वेढा घातला असता, नदीला बांध घालून शहर बुडविण्याचा त्यांनी घाट घातला. बांध फुटला आणि पाणी त्यांच्याच छावणीत शिरले. परंतु या फजितीनंतर सहाच वर्षांनी, १२१५ मध्ये, जिन साम्राज्याची राजधानी झोंगदू, म्हणजे आजचे बीजिंग, त्यांच्या हाती आली. मधल्या काळात त्यांनी स्वतः स्थापत्यविद्या आत्मसात केली नव्हती. ती ज्यांना येते त्यांना आपल्याकडे वळविले होते. जिन सरदारांवर नाराज असलेले खितान आणि चिनी सेनानी आपल्या दलांसह आणि कारागिरांसह त्यांना येऊन मिळाले. चंगीझखानाचा नातू हुलागू बगदादवर चालून गेला तेव्हा त्याच्याबरोबर यंत्रे चालविणाऱ्या चिनी कारागिरांची पथके होती. १२५८ मध्ये बगदाद पडले.

याच्या उलट दिशेनेही विद्या गेली. दक्षिण चीनमधील श्यांगयांग या दुर्गनगरास मंगोलांनी १२६८ मध्ये वेढा घातला. हान नदीकाठचे ते शहर पाच वर्षे दाद देईना. तेव्हा कुबलाईखानाने इराणातील आपल्या पुतण्याकडे, अबाकाकडे, माणसे मागितली. तिकडून इस्माईल आणि अलाउद्दीन हे दोन मुसलमान यंत्रकार आले. त्यांनी एका टोकास वजनी पेटी बांधलेली प्रचंड गोफणयंत्रे उभारली. चीनमधील यंत्रे माणसांनी दोर ओढून चालविली जात. ही यंत्रे वजनाच्या बळावर त्यांहून कितीतरी जड दगड फेकीत. १२७३ मध्ये शहराच्या अधिकाऱ्याने शरणागती पत्करली आणि सुंग साम्राज्याचे दार उघडले. पुढील सहा वर्षांत ते साम्राज्य संपले. परंतु ते जिंकणाऱ्या सैन्यात चिनी पायदळ आणि चिनी नौदल यांचा भरणा इतका मोठा होता, की या विजयास निव्वळ मंगोल विजय म्हणणे धाडसाचे ठरेल. जिंकलेल्यांच्या हातांनी पुढचे जिंकावयाचे, ही पद्धती तोवर पूर्ण रुळली होती.

या पद्धतीचे एक भयानक अंगही होते. एका शहरातील बंदी पुढच्या शहराच्या तटाखाली खंदक बुजविण्यास पुढे घातले जात; तटावरून बाण मारणाऱ्यास आपल्याच देशबांधवांवर ते मारावे लागत. बाण सुटण्यापूर्वी शरण आलेल्या नगरास बहुधा अभय मिळे. प्रतिकार करणाऱ्यास, विशेषतः शरण येऊन पुन्हा उठणाऱ्यास, ते मिळत नसे. १२२१ मध्ये मर्व आणि निशापूर ही खुरासानची दोन वैभवशाली नगरे उद्ध्वस्त झाली. मर्वच्या मृतांचा जुवैनीने दिलेला तेरा लाखांचा आकडा विश्वसनीय नाही. त्या शहरात इतके लोक मावणेच शक्य नव्हते. पण आकडा खोटा ठरल्याने घटना खोटी ठरत नाही. कारागीर तेवढे वेगळे काढून पूर्वेकडे नेण्यात आले, बाकीचे मारले गेले. ही निवडच सांगते की ते कृत्य संतापाच्या भरात झालेले नव्हते. मागे ठेवावयास आपल्यापाशी शिबंदी नाही, हे जाणणाऱ्या अल्पसंख्य सैन्याने भीतीलाच शिबंदी नेमले होते. काही विद्वान या हिशेबी क्रौर्याचा उल्लेख लष्करी बुद्धिमत्तेचा नमुना म्हणून करतात. तसे करताना तो हिशेब कोणाच्या प्राणांनी चुकता झाला, याचा विसर पडू नये. मर्वच्या आसपासच्या कालव्यांची व्यवस्थाही मोडली आणि ते शहर पूर्वपदास कधीच आले नाही.

जेथे विजय थांबले

यशाची कारणे अपयशाच्या ठिकाणी अधिक स्पष्ट दिसतात. हुलागूने १२६० मध्ये सीरिया घेतला आणि लगेच मुख्य सैन्य मागे नेले. थोरला भाऊ मोंके चीनमधील वेढ्यात मरण पावल्याचे वृत्त आले, हे एक कारण. दुसरे कारण हुलागूनेच १२६२ साली फ्रान्सचा राजा नववा लुई यास धाडलेल्या पत्रात दिले आहे: धान्य आणि चारा संपला होता. पाच-पाच घोड्यांनिशी येणाऱ्या स्वारास सीरियाचे कुरण पुरेना. मागे ठेवलेल्या लहान दलाचा ३ सप्टेंबर १२६० रोजी ऐन जालुत येथे इजिप्तच्या ममलूकांनी पराभव केला आणि सेनापती कितबुका मारला गेला. या लढाईत खोटी माघार घेतली ती ममलूकांनी.

त्यात नवल नव्हते. ममलूकांचा सेनानी बैबर्स हा जन्माने किपचाक. मंगोलांनी किपचाकांची कुरणे उद्ध्वस्त केली तेव्हा देशोधडीला लागलेली जी मुले गुलामांच्या बाजारात विकली गेली, त्यांतला तो एक. असाच दुसरा तरुण बगदादच्या बाजारातून गुजरातमार्गे दिल्लीस आला आणि १२३२ च्या सुमारास सुलतान इल्तुतमिशाने त्याला विकत घेतले. तो बल्बन. त्याला पकडून विकणारे मंगोलच होते. त्याने सुलतान झाल्यावर आपले सर्व लक्ष वायव्य सरहद्दीवर केंद्रित केले. त्याचा थोरला मुलगा मुहम्मद १२८५ मध्ये मंगोलांशी लढताना पडला, आणि त्याच्या पदरचा कवी अमीर खुसरो काही काळ त्यांच्या कैदेत होता.

त्याच सुमारास मंगोलांची आतली वीणही उसवत होती. १२६२ पासून हुलागू आणि व्होल्गाकाठचा बर्के हे चुलतभाऊ एकमेकांशी लढू लागले. जे नाते चंगीझखानाने सैन्यातून हद्दपार केले होते, ते त्याच्या वारसांच्या वाटणीतून परत आले होते. भारतावर चालून येणारे मंगोल मध्य आशियातील एकाच शाखेचे होते आणि त्यांचा एक डोळा नेहमी आपल्या भावकीकडे असे.

तरीही ते दुबळे नव्हते. १२९९ मध्ये दिल्लीजवळ किली येथे अलाउद्दीन खिलजीचा शूर सेनापती जफरखान पळणाऱ्या मंगोलांचा पाठलाग करीत मुख्य सैन्यापासून तुटला आणि वेढला जाऊन मारला गेला. कालकेच्या काठी जे घडले तेच येथे घडले. १३०३ मध्ये तरघी थेट दिल्लीच्या वेशीवर दोन महिने तळ ठोकून बसला. तो परत गेल्यावर अलाउद्दीनने सिरीचा कोट बांधला, सरहद्दीवरील जुने किल्ले दुरुस्त करून तेथे शिबंदी बसविली, आणि मोठे खडे घोडदळ उभारले. स्वाराचे वार्षिक वेतन २३४ टंका ठरले. घोडे बदलून खोटी हजेरी लागू नये म्हणून त्यांना डाग देण्यात येऊ लागले आणि स्वारांची वर्णने वहीत टिपली जाऊ लागली. एवढ्या वेतनात स्वाराचे भागावे यासाठी दिल्लीच्या बाजारात धान्याप्रमाणे घोड्यांचेही भाव बांधून दिले गेले: पहिल्या प्रतीचा घोडा १०० ते १२० टंका, दुसरा ८० ते ९०, तिसरा ६५ ते ७०. इतिहासकार बरनीने हे दर नोंदविले आहेत. १३०५ मध्ये अमरोह्याजवळ आणि १३०६ मध्ये रावीच्या काठी मंगोलांचे मोठे पराभव झाले, आणि त्यानंतर अलाउद्दीनच्या हयातीत, म्हणजे १३१६ पर्यंत, दिल्लीच्या वेशीवर त्यांचा तळ पुन्हा पडला नाही.